ठासणीच्या बंदुकीचं सामान हाताने बनवायला लागले त्याची गोष्ट

ठासणीच्या बंदुकीचा, म्हणजे नळीच्या तोंडातून बारूद आणि गोळी ठासून भरायच्या जुन्या बंदुकीचा नाद लागला की बंदूक एक आणि तिच्याभोवतीचं लटांबर दहापट, असं होतं. बारूद ठेवायचं शिंग, ती मोजायचं माप, गोळ्यांची थैली, रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या बारीक बारुदीची छोटी डबी, बंदुकीचा कान (ठिणगी नळीत शिरायचं बारीक भोक) साफ करायची तार, ब्रश, गोळीभोवती गुंडाळायच्या तेल-मेण लावलेल्या चिंध्या, चकमकीचे जादा दगड, आणि हे सगळं ठेवायला खांद्यावरून लटकणारी चामड्याची पिशवी. यातलं सगळं विकत मिळतं. पण मला ज्या काकांनी बंदूक भरायला शिकवली त्यांच्या अंगावर विकतची एकही वस्तू नव्हती, आणि ते भरत असताना त्यांची नजर कधी खाली पिशवीकडे जायचीच नाही, हात आत गेला की नेमकं हवं तेच घेऊन बाहेर यायचा. मला नेमबाजीपेक्षा जास्त ओढ त्याची लागली. हे सामान कसं बनतं ते शिकायचंच असं ठरवलं आणि त्यांनाच विचारलं की सुरुवात कुठून करू.

त्यांनी चामडंबिमडं काही हातात दिलं नाही. म्हणाले, रिकामी बंदूक घे, बारूद नको, आणि भरायची सगळी क्रिया नुसती हाताने करून दाखव, आणि प्रत्येक वेळी डावा हात कुठे होता, उजवा कुठे होता ते कागदावर लिही. मला तेव्हा जरा लांबण वाटली. पण तो कागद मी अजून वापरते, कारण त्यातूनच सगळी मापं निघतात. आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. मग एका हातात शिंग, दुसऱ्या हातात माप, म्हणजे दोन्ही हात अडकले, तर शिंगाचं बूच काढणार कशाने, तर दातांनी. म्हणून बूच दातात धरता येईल अशा आकाराचं हवं आणि त्याला रंग किंवा वॉर्निश काही लावायचं नाही. मापात बारूद घेतली की पहिलं काम शिंगाचं बूच परत घट्ट लावणं, आणि मग माप नळीत ओतणं. शिंगातून थेट नळीत बारूद कधीच ओतायची नाही. आधीच्या बाराचा एखादा निखारा नळीत राहिला असेल तर मापातली चिमूटभर बारूद भडकली तर हात भाजेल, पण शिंग भडकलं तर अख्खं शिंग हातात फुटतं. म्हणजे माप ही नुसती सोयीची वस्तू नाही, तुम्ही आणि शिंग यांच्यामधली भिंत आहे ती. हे एकदा डोक्यात बसलं की मग माप शिंगाच्याच पट्ट्याला वादीने का बांधलेलं असतं, वादी किती लांब हवी, ती गळ्यात का अडकायला नको, हे सगळं आपोआप सुचत जातं.

आणि एक, हे सगळं काळ्या बारुदीचं चाललंय. सोरा, कोळसा, गंधक, साधारण 75, 15, 10 या प्रमाणातली जी जुनी बारूद, ती. आधुनिक बिनधुराची पावडर या बंदुकीत घालायचा विचारसुद्धा करायचा नाही, नळी फुटते. तुमच्या भागात बंदूक आणि बारूद बाळगण्याचे जे नियम असतील ते आधी नीट बघून घ्या, परवान्याशिवाय काही नाही. सामान बनवायला मात्र बंदूक लागत नाही, ही या छंदातली मोठी सोय आहे.

पहिली वस्तू मी बनवली ती एकदम क्षुल्लक दिसणारी, चकमकीच्या दगडाला गुंडाळायचा चामड्याचा तुकडा. बंदुकीच्या घोड्याच्या, म्हणजे चाप ओढला की आपटणाऱ्या भागाच्या जबड्यात दगड नुसता धातूवर आवळला तर सरकतो नाहीतर फुटतो, म्हणून त्याच्याभोवती चामड्याची घडी घालतात आणि मागे स्क्रू जातो तिथे छोटी खाच पाडतात, म्हणजे दगड पार मागेपर्यंत बसतो. एवढ्या एवढ्याशा तुकड्यात मला चामड्याचं अर्धं शास्त्र कळलं. जाड चामडं घेतलं तर जबडा मिटत नाही, फार पातळ घेतलं तर पकड नाही, आणि मऊ लिबलिबीत असलं तर प्रत्येक ठोक्याला दगड हलतो आणि ठिणगी पॅनच्या, म्हणजे रंजक ठेवायच्या छोट्या वाटीच्या बाहेर पडते. चामड्याची जाडी औंसात मोजतात हेही तेव्हाच कळलं, एक औंस म्हणजे 1/64 इंच, साधारण 0.4 मिलिमीटर. म्हणजे चार-पाच औंसाचं चामडं दोन मिलिमीटरच्या आतबाहेर आलं. पिशवीच्या अंगाला मला तीन ते पाच औंस आवडतं, खांद्याच्या पट्ट्याला आठच्या आसपास.

चामडं घेताना मुख्य प्रश्न व्हेज टॅन का क्रोम टॅन. झाडाच्या सालीतल्या टॅनिनने कमावलेलं ते व्हेज टॅन. ते ओलं केलं की हवं तसं वळतं, वाळलं की तो आकार धरून ठेवतं, त्याची कड घासून चकचकीत होते, आणि वापरून वापरून त्याला जो रंग चढतो तो कुठल्या डब्यातून आणता येत नाही. क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं ते क्रोम टॅन. ते मऊ असतं, पाण्याला टिकतं, पण कड घासली जात नाही आणि जुन्या वस्तूचा तो भाव त्याला येत नाही. कपड्यांना, पर्सेसना क्रोम टॅन उत्तमच आहे, माझं त्याच्याशी काही वैर नाही, पण या कामाला व्हेज टॅनच. फक्त एक लक्षात ठेवायचं की टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की काळे डाग पडतात आणि लोखंड गंजतं, म्हणून ओल्या चामड्यावर लोखंडी पट्टी, लोखंडी वजन ठेवायचं नाही आणि बंदूक कधी चामड्याच्या खोळीत महिनोन्‌महिने गुंडाळून ठेवायची नाही.

तोच लोखंडाचा गुण रंगासाठी मात्र फार सुंदर वापरता येतो. व्हिनेगरमध्ये स्टील वूल, म्हणजे बारीक लोखंडी तारांचा बोळा टाकून ठेवायचा, आधी तो अ‍ॅसिटोनने धुऊन तेल काढून टाकायचं, आणि बरणीचं झाकण घट्ट लावायचं नाही कारण त्यातून हायड्रोजन निघत असतो. आठवडा दोन आठवडे गेले की ते पाणी गाळून घ्यायचं. व्हेज टॅन चामड्यावर हे पाणी ब्रशने फिरवलं की समोर बघता बघता चामडं आधी करडं, मग काळंशार होतं, आणि हा काही वरून लावलेला रंग नाही, चामड्यातलंच टॅनिन लोखंडाला धरून काळं झालेलं असतं, त्यामुळे तो कपड्याला लागत नाही. नंतर खायच्या सोड्याच्या पाण्याने पुसून घ्यायचं म्हणजे आम्ल मरतं, आणि अर्धवट ओलं असतानाच नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांपासून काढलेलं तेल) हलका हात द्यायचा, नाहीतर चामडं वाळून तडकतं. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा नुसती बघत बसले होते.

शिवण हा भाग मात्र घाईने होत नाही. मशीनच्या टाक्यात वरचा दोरा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकलेले असतात, एक तुटला की दुसरा उसवत जातो. हाताच्या सॅडल टाक्यात एकच दोरा, दोन्ही टोकांना सुया, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया विरुद्ध दिशांनी जातात, त्यामुळे एका जागी दोरा झिजला तरी दुसरा धरून राहतो. दोरा लिनेनचा, शिवणीच्या साधारण चौपट लांब, मधमाशीच्या मेणाच्या गोळ्यावरून ओढून ओढून मेणावलेला. भोकं पाडायची आरी टोकाला शंकरपाळ्याच्या आकाराची असते, गोल नाही, आणि प्रत्येक भोक त्याच तिरक्या कोनात पडलं पाहिजे. खरी मेख पुढेच आहे. दर टाक्याला तीच सुई आधी घालायची, दुसरी सुई पहिल्या दोऱ्याच्या त्याच बाजूने, आणि ओढ दोन्ही हातांची सारखी. हा क्रम एकदाही बदलला की तो टाका सरळ पडतो आणि बाकीचे तिरके, लगेच डोळ्यात भरतं. काकांनी मला टाकाऊ पट्ट्यांवर नुसते टाके घालायला लावले, काही बनवायचं नाही, फक्त टाके, आणि मधेच बोलायला लागायचे, मुद्दाम, हात क्रम विसरतो का ते बघायला. इंचाला सहा ते आठ टाके एवढं बारीक पिशवीला पुरतं, जास्त बारीक केलं तर भोकांच्या ओळीवर चामडं फाटतं.

आता पिशवी. नवीन माणूस पिशवी नेहमी मोठी कापतो, कारण यादी करायला बसलं की सगळंच लागेल असं वाटतं. मोठ्या पिशवीत सामान तळाशी गोळा होतं आणि मग हात चाचपडत बसतो. सात-आठ इंचाची चौकोनी पिशवी खरंच पुरते. मी मागची बाजू आणि वरचं झाकण एकाच तुकड्यातून काढते, पुढची बाजू अर्धा इंच जास्त रुंद, म्हणजे शिवल्यावर पिशवीला पोट येतं आणि आत मूठ जाते. पुढच्या आणि मागच्या तुकड्यामध्ये चामड्याची एक बारीक पट्टी घालून शिवायचं, ती शिवणीवरचा ताण खाते. हे सगळं उलट्या बाजूने शिवून मग कोमट पाण्यात भिजवून पिशवी सुलटी करायची. कोपरे बाहेर काढायला बोथट लाकडी दांडका, टोकदार काही नाही. आत एक छोटा खण पाहिजेच, जादा दगड आणि हत्यारं सुटी राहिली तर गोळ्यांमध्ये मिसळतात.

आणि पट्ट्याची लांबी. पिशवी कमरेच्या खाली लोंबायला लागली की चालताना मांडीवर आपटते आणि हात पोचवायला खांदा झुकवावा लागतो. माझी पिशवी कोपर दुमडलं की त्याच्या लगेच खाली येते, आधी विचित्र वाटतं पण कागदावरच्या त्या क्रमाने हात फिरवून बघा, तिथेच ती हवी असते. जाड कोट घालून एकदा आणि पातळ कपड्यावर एकदा असं करून बघितल्याशिवाय बक्कल पक्कं करू नये.

शिंगाबद्दल मी किती लिहू असं होतं मला. बारुदीसाठी शिंग का, तर ते हलकं, पाणी आत जात नाही, त्यावर काही आपटलं तरी ठिणगी उडत नाही, आणि निसर्गाने अर्धं काम करूनच दिलेलं असतं, एक टोक पोकळ आणि रुंद, दुसरं भरीव आणि निमुळतं. गाई-बैलाचं शिंग घ्यावं, आतलं हाड काढून स्वच्छ केलेलं. हातात घेऊन आधी अंगाला लावून बघायचं, डाव्या आणि उजव्या शिंगाची वळणं वेगळी असतात, तुमच्या कुशीला जे चिकटून बसेल ते तुमचं. जे बाहेर पळतं ते कितीही देखणं असलं तरी झाडाझुडपात अडकणार.

टोकाला भोक पाडणं हा सगळ्यात नाजूक भाग. पोकळी नेमकी कुठे संपते ते बाहेरून दिसत नाही. त्याला उपाय म्हणजे एक मऊ तार रुंद तोंडातून आत घालायची, अडेल तिथपर्यंत, तोंडापाशी तारेवर खूण करायची, बाहेर काढून तीच तार शिंगाच्या बाहेरून त्याच वळणाने धरायची आणि टोक येईल तिथे पेन्सिलने रेघ मारायची. त्या रेघेपासून पुढे सगळं भरीव. मग टोकाचा किती भाग कापला तर एक सरळ रेघ पोकळीपर्यंत पोचेल, कडेतून बाहेर न फुटता, हे डोळ्याने बघायचं, दोन बाजूंनी बघायचं. आधी बारीक, 3 मिलिमीटरचं भोक, हळूहळू, मधे मधे ड्रिल बाहेर काढून, कारण शिंग तापलं की जळतं आणि तो वास केस जळल्यासारखा, अगदी तोच, कारण दोन्ही केराटिन या एकाच पदार्थाचे. भोक पोकळीत शिरलं की हाताला एकदम कळतं, जोर हलका होतो. मग ते निमुळत्या रीमरने, म्हणजे भोक रुंद करायच्या हत्याराने, रुंद करायचं. व्हायोलिनच्या खुंट्या बसवायला जो रीमर वापरतात तोच, आणि बूचही त्याच उताराचं तासायचं, कठीण लाकडाचं, म्हणजे फिरवून दाबलं की हवाबंद.

रुंद तोंड कधीच गोल नसतं. उकळत्या पाण्यात ते टोक ठेवलं की शिंग मऊ होतं, मग त्यात शंकूच्या आकाराचा लाकडी ठोकळा दाबून बसवायचा आणि गार होईपर्यंत हात लावायचा नाही. गार झालं की गोल राहतं. काही जण गरम तेल वापरतात, ते लवकर होतं पण तेल जास्त तापलं तर शिंगाचे पापुद्रे सुटतात आणि माणूस भाजतो, मला पाणीच बरं वाटतं. मग कायमचं लाकडी बूड तासायचं, मेण लावून बसवायचं आणि कडेने लाकडाच्या बारीक खुंट्या ठोकायच्या. हवाबंद झालंय का बघायला टोकाला तोंड लावून हवा ओढायची, जीभ चिकटून राहिली पाहिजे. सुटली तर बुडाभोवती गरम मेण परत.

बाहेरून खरवडणं हे माझं सगळ्यात आवडतं काम. सुरीची पाठ नाहीतर फुटक्या काचेची कड, शिंगाचे पातळ पातळ टवके निघत राहतात. मास्क लावा, शिंगाची धूळ छातीत जाऊ देऊ नका. फिकं शिंग पातळ करत गेलं की एका क्षणी उजेड आरपार दिसायला लागतो, आणि मग भरल्यावर आत बारूद किती उरली ती रेघ बाहेरूनच कळते. एवढ्यासाठी मी पांढरटच शिंग निवडते.

अमेरिकेतली अठराव्या शतकातली कोरलेली शिंगं बघितली तर वेड लागायची वेळ येते. 1754 ते 1763 च्या, ब्रिटन आणि फ्रान्स यांच्यात तिथे झालेल्या फ्रेंच अँड इंडियन युद्धातली कितीतरी शिंगं टिकलीत, नकाशे, किल्ले, नद्या, मालकाचं नाव, तारीख, सगळं सुरीच्या टोकाने कोरून काळी शाई चोळलेलं. जॉन बुश नावाचा एक मुक्त कृष्णवर्णीय सैनिक 1755 च्या सुमाराला न्यूयॉर्क भागातल्या लेक जॉर्जच्या छावणीत बरोबरच्या शिपायांसाठी शिंगं कोरत होता, त्याची अक्षरं, त्या वेलांट्या बघून मी माझी अक्षरं सुधारली. शिंगं अशी टिकली, पिशव्या मात्र फार थोड्या राहिल्या. त्या रोजच्या वापराच्या, घाम आणि पाऊस खाल्लेल्या, झिजल्या की टाकून दिल्या. त्यामुळे जुनी पिशवी नेमकी कशी शिवत याचा अभ्यास करायला जे हाती लागेल त्यावर डोळे रोवून बसावं लागतं.

माप मी शिंगाच्या कापून उरलेल्या भरीव टोकातून करते. बरेच जण हरणाच्या शिंगाचं करतात पण ते सगळीकडे कायदेशीर नसतं, तेव्हा गाईचं शिंग, हाड, कठीण लाकूड काहीही चालतं. काळी बारूद मापायची ती घनफळाने, पण आकडा सांगतात ग्रेन या वजनाच्या एककात, 1 ग्रॅम म्हणजे साधारण 15.4 ग्रेन. तयार, खात्रीचं माप समजा 70 ग्रेनवर लावायचं, त्यात कोरडी बारीक वाळू भरून ती आपण टोकात पाडलेल्या भोकात ओतायची, कमी पडतंय का बघायचं, वाळू झटकून अजून थोडं पोखरायचं, परत ओतायची. घनफळच जुळवायचंय ना, मग ड्रिलजवळ बारूद आणायची गरजच नाही. काठोकाठ आलं की थांबायचं आणि बाहेरून आकडा कोरायचा, कारण दोन बंदुका असल्या की मापं हमखास अदलाबदल होतात.

बाकीच्या वस्तू भराभर होतात. कान साफ करायची तार पितळेची, लोखंडाची नको, कान झिजतो आणि रुंद होतो. गोळ्यांची फळी म्हणजे गोळीच्या व्यासाएवढ्या जाडीच्या लाकडाला नळीच्या मापाची भोकं, त्यात चिंधीसकट गोळ्या अंगठ्याने दाबून ठेवायच्या. .50 इंचाच्या नळीला .490 ची गोळी आणि .015 इंचाची सुती चिंधी हे जमून येणारं गणित आहे. चिंध्यांना मेण आणि चरबी, पेट्रोलियमची तेलं नकोत, बारुदीशी मिळून नळीत चिकट काळा थर धरतात. गज, म्हणजे गोळी ठासायची लांब काठी, बनवायचा असेल तर मात्र घाई करू नका. लाकूड करवतीने कापलेलं नको, रेषांबरोबर फाडलेलं हवं. रेषा कडेने बाहेर पडत असतील तर ठासताना गज तिरका मोडतो आणि ते टोक तळहातातून आरपार जातं.

हल्ली ओळखीतले लोक माझ्याकडून पिशव्या करून मागतात. मी आधी त्यांना रिकामी बंदूक घेऊन माझ्यासमोर उभं करते आणि भरायची क्रिया करून घेते, मग माप घेते. आत्ता एका डावखुऱ्या मैत्रिणीची चालू आहे. पिशवी डाव्या कुशीला आणि शिंग उलट्या वळणाचं हे धरूनच चालले होते, पण तिला बघितलं तर ती माप उजव्याच हाताने धरते आणि बूच दातांनी न काढता अंगठ्याने उडवते. मग बुचाला खाली एक छोटा ओठ काढला, अंगठा अडकेल असा, ते हरवू नये म्हणून टोकाला वादीने बांधून टाकलं, आणि मापाची वादी पट्ट्याच्या पुढच्या बाजूला सरकवली. पट्टा अजून नुसता टाचणीवर आहे, पुढच्या वेळी ती जाड कोट घालून आली की भोकं पाडेन.